वरच्या लाइनची सायकल

चावीमावशींना कुणी ‘आता जरा आराम करा’ म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. आराम करायचा तर पाणी कोण सोडणार? पाणी काही आपल्या पायांनी चढ चढून घराघरांत जात नाही. त्याला वाट करून द्यावी लागते. ती वाट रस्त्यातल्या लोखंडी झाकणाखाली असते, तिथे व्हॉल्व्ह असतो, आणि तो फिरवायला छातीपर्यंत येईल एवढी लांब लोखंडी चावी लागते. ती चावी घेऊन मावशी अर्धं आयुष्य रस्तोरस्ती हिंडल्या. म्हणून चावीमावशी. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कानावर पडायचं, आणि तेव्हा त्याच मागे वळून बघायच्या, कुणाला हाक मारली म्हणून.

पाणीखात्यात त्या लागल्या खोदकामावर. नवरा लवकर गेला होता, लेक कडेवर होती, आणि हिला दुसरं काही येत नाही असं लोक म्हणायचे. येत होतं. लोकांनी विचारलं नव्हतं. एकदा म्हाताऱ्या चावीवाल्याची कंबर धरली, आणि जवळ उभ्या होत्या म्हणून चावी मावशींच्या हातात आली. बाकीचे चावीला लोंबकळून हिसके मारायचे. मावशींनी सावकाश फिरवली, थांबल्या, पुन्हा थोडी फिरवली.

“थांबलीस का?” म्हाताऱ्याने विचारलं.

“आत पाणी धावायला लागलंय. त्याला जागा होऊ दे की.”

म्हातारा निवृत्त झाला तेव्हा जाताना चावी त्यांच्याच हातात देऊन गेला. खात्यात कुरकुर झाली, हे बाईमाणसाचं काम नव्हे. मावशी म्हणाल्या, “चावी फिरवायला मिशी लागत नाही.” विषय तिथेच संपला.

सायकल त्यांनी एका म्हाताऱ्या पोस्टमनकडून घेतली. गडद हिरवी, दांड्याची, पूर्ण चेनकव्हरची, वजनाला भारी. मागच्या चाकाच्या मधोमध मुठीएवढा डबा आणि तीन गिअर त्या डब्याच्या पोटात. बाहेरून दिसायला काही नाही. हँडलवर एक खटका, त्यातून निघालेली वायर, बस्स. पहिला गिअर चढाचा, दुसरा रोजचा, तिसरा उताराचा किंवा रागाचा. दुसऱ्या-तिसऱ्यात डबा बारीक टिकटिक करायचा आणि पहिल्यात गप्प बसायचा. मावशींना ते पटायचं. काम जड असताना तोंड बंद ठेवावं, हे माणसांना कळत नाही ते त्या डब्याला कळत होतं. दांड्याला भोकं पाडून त्यांनी दोन लोखंडी आकडे बसवून घेतले होते. चावी त्यात आडवी निजायची.

खालच्या लाइनी सगळ्या सपाटीवर. वरची लाइन तेवढी चढावर, टाकीपाशी. तिचा व्हॉल्व्ह सकाळी वेळेवर उघडला तर वरच्या घरांना पाणी. उशीर झाला की खालची घरं नळ सोडून बसतात आणि वरच्यांच्या वाट्याला नुसती हवा येते. वर्षानुवर्षं मावशी सायकलवरून न उतरता हा चढ चढल्या. मग गुडघा बोलू लागला. आधी वळणावर उतरावं लागलं, पुढे वळणाच्या बरंच आधी. सायकल ढकलत वर न्यायची म्हणजे सायकल जड, चावी जड आणि गुडघा दोघींपेक्षा जड. उशीर होऊ लागला, वरच्या घरांतून तक्रारी आल्या.

मुकादमाने बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण वाईट बातमी सांगायची असली की टेबलावरच्या वस्तू सरळ रेषेत लावत बसायचा.

“मावशी, एक तारखेपासून वरची लाइन फटफट्याला देतोय.”

“का?”

“त्याच्याकडे फटफटी आहे.”

“फटफटी व्हॉल्व्ह उघडते का?”

“तुम्ही ऑफिसात बसा. तक्रारी घ्या. सावलीतलं काम.”

मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला. फटफट्याला, खात्यातल्या त्या दुसऱ्या चावीवाल्याला, त्या ओळखून होत्या. गाडी चालूच ठेवून व्हॉल्व्हपाशी जायचा, एक हिसका मारायचा आणि परत गाडीवर. मावशी तापाने पडल्या होत्या तेव्हा वरची लाइन त्याने अशीच सोडली होती. पाणी नळात धडकलं, जुना जोड फुटला, रस्त्याचा ओढा झाला. अंगात ताप घेऊन तो खड्डा उपसायला कोण गेलं, तर मावशी. आता त्याने नळ फोडायचे आणि त्याच्या तक्रारी यांनी सावलीत बसून ऐकायच्या. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती अशी.

“एक तारखेला मी वेळेवर वर असेन,” त्या म्हणाल्या. “सायकलवर बसून. मग काय कराल?”

“आलात तर लाइन तुमची. पण एका दिवसाची नवलाई नको, मावशी. रोज जमलं पाहिजे.”

काय करायला हवं ते मावशींना ठाऊक होतं. मागच्या चाकाची दातेरी चकती मोठी बसवायची. चकती मोठी की तिन्ही गिअर हलके पडतात. सायकल हळू जाते, पण गुडघ्यावर भार येत नाही. पुढचा ब्रेकही बदलायला झाला होता. रस्ता ओला असला की सायकल आपल्या मर्जीने थांबायची. छर्रेकाकाच्या दुकानात नेली असती तर काम झालं असतं. पण त्या रविवारी लेक आणि जावई घरी आले आणि तिथे गाडी रुळावरून घसरली.

जावई जुन्या लाकडी सामानाला पॉलिश करायचा. हाताचा चांगला. मोडक्या खुर्च्या त्याच्याकडे जायच्या आणि नव्या नवरीसारख्या परत यायच्या. सायकलची गोष्ट निघताच तो म्हणाला, “आई, कुणाकडे देऊ नका. मी करतो. काय काय करायचं सांगा.”

इथे मावशींनी सांगायला हवं होतं. चकती, गिअर, ब्रेक, तीन शब्दांचं काम. पण जावयाला काम सांगायचं नाही आणि त्याने केलेल्याला नावं ठेवायची नाहीत, हे वळण त्या लेकीच्या लग्नापासून पाळत आल्या होत्या. जी बाई मुकादमापुढे कधी नमली नाही, ती जावयापुढे लोण्यासारखी व्हायची.

“तुम्हाला योग्य वाटेल ते करा, जावईबापू. जुनं रूप तेवढं जाऊ देऊ नका.”

मग स्वयंपाकघरात लेकीच्या कानाला लागल्या. “अगं, त्यांना म्हणावं, चढावर ढकलत न्यावी लागते.”

लेकीने निरोप जसाच्या तसा पोचवला. जावई सायकल घेऊन गेला आणि मावशी चावी खांद्यावर टाकून पायी कामाला जाऊ लागल्या. खांद्याला घट्टा पडला. पण मनात एकच, की सायकल परत येतेय.

आली. जावयाने ती अंगणात आणून उभी केली आणि बाजूला झाला. हिरवा रंग तोच, पण असा खोल, की त्यात बोट बुडेल असं वाटावं. कडेने पिवळी बारीक रेघ, हाताने ओढलेली, कुठेही न थरथरलेली. जुनी सीट तेल पिऊन काळीभोर झालेली. अशा कामाला किती घासावं लागतं ते मावशींना दिसत होतं. त्यांना मेहनत लांबून ओळखू यायची.

“उचलून बघा, आई,” जावई म्हणाला आणि त्याने स्वतःच एका हाताने सायकल उचलून दाखवली.

मावशींची नजर मागच्या चाकावर गेली. मधला डबा नव्हता. तिथे आगपेटीएवढं साधं हब होतं. हँडलवर खटका नव्हता, वायर नव्हती. चेनकव्हर गेलं होतं, कॅरिअर गेलं होतं. दांड्याखालचे आकडे गेले होते, त्यांची भोकंसुद्धा दिसत नव्हती. ढकलावी लागते म्हणून जावयाने सायकल हलकी केली होती. आणि जड म्हणून जे जे काढलं होतं, त्यात तिचे तिन्ही गिअर होते.

“छान,” मावशी म्हणाल्या. दाढ काढताना माणूस जसा आवाज काढतो तसा तो ‘छान’ निघाला.

मग त्या आत गेल्या, लेकीला आत बोलावलं आणि आवाज मुद्दाम चढवला. लेकी बोले सुने लागे अशी म्हण आहे. सून नव्हती, तेव्हा लेकी बोले जावई लागे.

“का गं, लंगड्याला काठी मागितली आणि कुणी त्याचा चांगला पाय कापून दिला, तर त्याने काय म्हणावं?”

“आई, हळू. ते बाहेर आहेत.”

“बाहेर आहेत म्हणूनच बोलतेय. भिंतीला थोडीच सांगतेय.”

“रात्रंदिवस राबलेत ते. बोटं बघ त्यांची.”

“बोटं बघितली. डोकं कुठे दिसलं नाही.”

“मग त्यांनाच सांग ना.”

“त्यांना कसं सांगू? जावई आहेत.”

लेकीने कपाळावर हात मारला आणि नवऱ्याला घेऊन घरी गेली. जावई जाताना पाया पडला. मावशींनी आशीर्वाद दिला. दुसरं काय देणार?

दुसऱ्या दिवशी मावशी नव्या सायकलवर चढाला लागल्या. वळण राहिलं दूर, पहिल्या घरांपाशीच पायडल अडलं. पायाखाली दगड असावा तसं ते हलेना. चावी एका हातात, हँडल दुसऱ्या हातात, आणि उतरताना दोन्ही निसटता निसटता राहिलं. तेवढ्यात मागून फटफट्या आला. गाडी हळू करून त्याने सायकल वरपासून खालपर्यंत बघितली.

“मावशी, नटवलीत हो झकास. आता कडेवर घेऊनच वर न्या, रस्त्यावर मळेल.”

“तू पुढे हो. धुराने पिवळी रेघ काळी पडेल.”

तो हसत गेला. मावशी ढकलत वर पोचल्या तोवर वरच्या घरांच्या बादल्या दारात रिकाम्या उभ्या होत्या.

उतरल्या त्या थेट छर्रेकाकाच्या दुकानात. हा सायकलवाला त्यांच्याच वयाचा. शर्टाच्या खिशात कायम बेअरिंगचे छर्रे, आणि वाकला की ते जमिनीवर सांडायचे, म्हणून हे नाव. आत पाऊल टाकताच मावशींना खिळ्याला टांगलेलं आपलं चाक दिसलं. जुनी रिम, गंजके आरे, आणि मधोमध डबा.

“हे इथे कसं?”

“तुमचे जावई देऊन गेले. बदल्यात साधं चाक नेलं.”

“आणि तू दिलंस? डोळे फुटले होते का? हा डबा काढून मी चढ कसा चढणार, हे तुला कळू नये?”

“कळलं की.”

“मग बोलला का नाहीस?”

“ते म्हणाले, आईंनी सांगितलंय. आता सासू आणि जावई यांच्या मध्ये मी पाना घेऊन जाऊ? तो डबा मोडीत टाकला नाही, टांगून ठेवला. तुम्ही भांडायला कधी येताय याचीच वाट बघत होतो. उशीर केलात उलट.”

मावशींना वाटलं, जगात सगळ्यांनी सभ्यपणा शिकून घेतलाय तो फक्त मला खड्ड्यात घालायला.

“बरं, ते चाक काढ आणि चढव. मागे मोठी चकती टाक. आत्ता.”

“आत्ता नाही.” छर्रेकाकाने सायकलच्या रंगावरून बोट फिरवलं. “बाई, हे काम कुणाच्या तरी हातचं आहे. जीव ओतून केलेलं. दुसऱ्याच्या हातचं त्याला न सांगता मी उसवत नाही. माझं कुणी असं उसवलं तर मी त्याच्या दारात जाऊन बसेन. जावयांना घेऊन या, मग हात लावतो.”

मावशींचाही नियम तोच होता. दुसऱ्याने बंद केलेला व्हॉल्व्ह त्याला विचारल्याशिवाय त्यांनी कधी उघडला नव्हता. नियम आपलाच निघाला की राग दुप्पट होतो. एक तारीख तोंडावर आली होती. त्या तशाच जावयाच्या दुकानाकडे निघाल्या.

दुकानात छताला खुर्च्या उलट्या टांगल्या होत्या, स्पिरिटचा वास होता, जमिनीवर तांबूस भुगा. जावई एका टेबलाचा पाय घासत होता. तो उठला, स्टूल पुसून पुढे केलं. “बसा, आई.”

“बसत नाही. बसायलाच सांगतंय अख्खं खातं मला.” मावशींनी श्वास घेतला. “जावईबापू, आज मी लेकीला मध्ये घेणार नाही. तुम्हालाच सांगते. राग आला तर येऊ दे.”

त्याने हातातला पॉलिशपेपर खाली ठेवला.

“सायकल सुंदर केलीत. इतकी सुंदर की नावं ठेवायला जागा सापडेना, म्हणून जास्तच संताप आला. रंग वाईट असता तर दोन शब्द बोलून मोकळी झाले असते. पण वर जायचं म्हणून सायकल दिली, आणि वर नेणारा तेवढाच भाग तुम्ही काढून दिलात. तीन गिअर होते तिला. तेच तर तिचं जुनेपण. जुनं काय नुसतं रंगात असतं?”

“ही म्हणाली, ढकलत न्यावी लागते. मी एकेक भाग हातात घेऊन बघितला. सगळ्यांत जड ते चाक.”

“मग विचारायचं नाही?”

“विचारलं होतं, आई. तुम्ही म्हणालात, योग्य वाटेल ते करा.”

“ते म्हणायची पद्धत असते.”

“मला वाटलं, खरंच म्हणताय.”

टेबलाच्या पायावरून भुगा गळत होता. मावशींना हसू आलं असतं, पण त्या रागावण्याच्या कामात होत्या आणि हातातलं काम अर्धं सोडायची त्यांना सवय नव्हती.

“आणि माझे आकडे? ते केवढे जड होते? चावी काय दातात धरून नेऊ?”

जावयाने हात पुसले. आत गेला आणि एका डब्यातून ते दोन आकडे घेऊन आला. त्यांच्या बोल्टांवर तांबडा गंज पापुद्र्यासारखा चढला होता.

“आकडे वजनासाठी नाही काढले. रंग खरवडला तेव्हा दिसलं. दोन्ही भोकांच्या मधून दांड्याला तडा गेला होता. भोकांतून पाणी आत जाऊन गंजाने नळी आतून खाल्ली होती. वरून रंग होता म्हणून उभी होती, एवढंच. वेल्डिंगवाल्याकडून पितळेने भरून घेतली, मग घासून सपाट केली.”

“मला का नाही सांगितलंत?”

“कसं सांगू? भोकं तुम्हीच पाडून घेतली होतीत. तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

“वाईट वाटलं असतं,” मावशी म्हणाल्या. “आणि उद्या पुन्हा भोकं पाडून तिथेच आकडे ठोकले असते, आणि उतारावर दांडा मोडून तोंडावर पडले असते, ते चाललं असतं. सासू मेलेली चालेल, रुसलेली नको. होय ना?”

“नाही, आई.”

“मग तोंड उघडत जा.”

“तुम्हीपण,” जावई हळूच म्हणाला.

जावयाने उलट उत्तर देण्याची ही पहिलीच वेळ. मावशींनी त्याच्याकडे रोखून बघितलं. मग आकडे त्याच्या हातात परत दिले आणि म्हणाल्या, “दुकान बंद करा. छर्रेकाका थांबलाय.”

तिथे तिघांनी मिळून जे केलं त्याला दुरुस्ती म्हणावं की भांडण, हे ठरवणं अवघड. मावशींना ब्रेक सोडून सगळं जुनं परत हवं होतं. जावयाला एकही जादा वजन नको होतं. छर्रेकाकाला ती दोघंही दुकानाबाहेर हवी होती.

डबा उघडला. आतले कुत्रे, म्हणजे चाक पकडणारे छोटे चाप, जुन्या तेलाने चिकटले होते, पण झिजले नव्हते. छर्रेकाकाने ते धुतले आणि ग्रीसचा डबा ओढला.

“ग्रीस नाही,” मावशी म्हणाल्या. “पातळ तेल.”

“बाई, मी उभा जन्म ग्रीस भरतोय.”

“बाकीच्यांना भर. ग्रीसने कुत्रे झोपतात. डब्याला तेलाचं तोंड उगाच ठेवलंय का?”

त्याने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत तेल घातलं. मागे मोठी चकती बसली, हँडलवर खटका आणि वायर परत आली, चेन लांब करावी लागली. रिमवर मात्र सगळ्यांचं घोडं अडलं. मावशींना दोन्ही रिम हलक्या ॲल्युमिनियमच्या हव्या होत्या, कारण त्यांवर ब्रेक नीट धरतो. पण जुन्या डब्याला जितके आरे लागत तितक्या भोकांची तशी रिम कुठे मिळेना. शेवटी मागे जुनीच रिम राहिली, छर्रेकाकाने तिची ताब, म्हणजे फिरताना येणारा वाकडेपणा, काढून दिली. पुढे ॲल्युमिनियमची आली, आणि तिला धरणारा नवा, मजबूत ब्रेक. कॅरिअर गेलं ते जाऊ द्या, मावशींनी सोडलं. चेनकव्हर सोडलं नाही.

“ते जुनं दिसतं म्हणून हवंय का?” जावयाने विचारलं.

“पायाला वंगण लागतं म्हणून हवंय.”

त्याने ते परत बसवलं, पण आधी घरी नेऊन घासलं आणि त्यावरही ती पिवळी रेघ ओढली. मावशी बघत राहिल्या. नको म्हणाल्या नाहीत.

चावीसाठी त्याने शिसवीचे दोन ठोकळे कोरले, आतून रबर लावलं आणि चामड्याच्या पट्ट्यांनी दांड्याला आवळले. एकही भोक न पाडता. मावशींनी चावी त्यात ठेवली, सायकल गदागदा हलवली. चावी हलली नाही. त्यांनी आणखी हलवली. मग म्हणाल्या, “वरचा पट्टा उलटा लावा. बकल माझ्या गुडघ्याला लागेल.” जावयाने तो उलटा लावला. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

एक तारखेला मावशी अंधारातच निघाल्या. सपाटीवर दुसरा गिअर, टिकटिक. चढ लागला तसा त्यांनी खटका पहिल्यावर आणला. डबा गप्प झाला. सायकल अशी हळू चालू लागली की एक कुत्रं थोडा वेळ बरोबर चाललं आणि कंटाळून पुढे निघून गेलं. पाय मात्र फिरत होते. भरभर, हलके, थोडे हास्यास्पद. मावशींना हास्यास्पद चालणार होतं.

वळणावर गुडघ्याने आठवण करून दिली. त्यांनी त्याला मनातल्या मनात अशी शिवी दिली, जी त्या फक्त फुटलेल्या नळाला द्यायच्या. वळणानंतर चढ आणखी उभा होतो, हे ढकलताना विसरायला झालं होतं. हँडल डुगडुगू लागलं, श्वास घशात आला, घाम डोळ्यांत उतरला. उतरावं असं दोनदा वाटलं. उतरल्या नाहीत. मागून फटफटी आली.

“मावशी, वर पोचल्यावर चहा सांगून ठेवू का?”

“सांग,” त्यांना तेवढंच बोलता आलं. मग आणखी एक श्वास घेऊन, “गार होऊ देऊ नको.”

टाकीपाशी मुकादम स्वतः उभा होता, मनगट पुढे करून. झाकण बाजूला काढलेलं होतं आणि फटफट्या आपली चावी व्हॉल्व्हवर बसवून तयार होता. त्याची गाडी मागे धडधडत होती.

“वेळ झालीय, मावशी,” मुकादम म्हणाला.

“झालीय. गेली नाहीये.” त्या उतरल्या. पट्ट्याचं बकल सोडलं, आपली चावी काढली. “तुझी चावी उचल.”

“कशाला? एका हिसक्यात होतं,” फटफट्या म्हणाला.

“फुटायलाही एकच लागतो. आणि ती गाडी बंद कर. मला आतलं ऐकू येत नाही.”

फटफट्याने मुकादमाकडे बघितलं. मुकादमाने घड्याळाकडे बघितलं, मग सायकलकडे, तिच्या मागच्या चाकाकडे, आणि मान हलवली. गाडी बंद झाली. फटफट्याने चावी काढून घेतली.

“बरं, लाइन तुमचीच,” मुकादम म्हणाला. “पण मी म्हटलंय ते लक्षात आहे ना? रोज. उद्या उशीर झाला तर मला पुन्हा—”

“उद्या उशीर झाला तर उद्या बोला. आज वेळेवर आले, त्याचं एक अक्षर तोंडातून निघालं का तुमच्या?” मावशींनी चावी खाली सोडून व्हॉल्व्हवर बसवली. “आता काठावरून मागे व्हा. तुमच्या बुटाची माती आत पडतेय.”

मुकादम मागे झाला. मावशींनी चावी थोडी फिरवली आणि थांबल्या.